तुआनवू : चीनमधील नौकांचा सण

चिनी पंचांगाप्रमाणें वर्षाच्या पांचव्या महिन्याच्या पांचव्या दिवशीं जो सण येतो त्यास तुआनवू असें म्हणतात. इंग्रजी तारखांप्रमाणें हा दिवस मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या अखेरीपर्यंत केव्हां तरी पडतो. 'तुआन' म्हणजे आरंभ, आणि 'वू' हें जुन्या चिनी कालगणनेंतील बारा चिन्हांपैकीं एकाचें नांव. महिन्यांतील पहिला 'वू' दिवस असा त्या जोडनांवाचा मूळ अर्थ होता. 'पांच' या अर्थाच्या चिनी शब्दाचा उच्चारही तसाच असल्यामुळें पुढें तें नांव पांचव्या दिवसालाच चिकटलें. या दिवशीं नद्यांतून व तळ्यांतून लांबलचक नौकांच्या शर्यती होतात. त्यांच्या नाळेवर ड्रॅगनचें मुख बसविलेलें असतें. ड्रॅगन म्हणजे पाण्याचा व पावसाचा स्वामी मानलेला एक सर्पाकृति काल्पनिक प्राणी. यामुळें परदेशांत हा सण 'ड्रॅगन-नौकांचा सण' या नांवानें ओळखला जातो.

हा सण कां पाळतात, असें चीनमधील कोणत्याही शाळकरी मुलास विचारलें तर तो च्यू युआन नांवाच्या एका कवीची कथा सांगेल. ती कथा मोठी हृदयस्पर्शी आहे. परंतु जुने चिनी ग्रंथ काळाच्या क्रमानें पुढें मांडून पाहिले असतां असें दिसून येतें कीं, सणांतील बऱ्याचशा चाली त्या कथेहून निराळ्या मुळांतून उगवलेल्या आहेत. मग ती कथा खोटी म्हणावयाची काय? आणि खोटी नसेल तर तिचें या सणांत काम तरी काय? विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नांचा विचार करण्यासाठीं प्रथम ती कथा, नंतर सणाच्या चालीरीति आणि शेवटीं त्या दोहोंचा संबंध, अशा क्रमानें आपण जाऊं.

च्यू युआनची कथा

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या व तिसऱ्या शतकांत चीन हें एक राज्य नव्हतें. सात मोठीं राज्यें एकमेकांशीं झगडत होतीं. दक्षिणेस यांगत्से नदीच्या खोऱ्यांत छू नांवाचें विस्तीर्ण राज्य होतें, पूर्वेस छी होतें आणि पश्चिमेस छिन. यांपैकीं छिन दिवसेंदिवस प्रबळ होत चाललें होतें, व अखेरीस इ. स. पूर्व २२१ मध्यें त्यानेंच इतर सर्व राज्यें गिळून टाकलीं.

छूच्या ह्वाइ राजाच्या दरबारीं च्यू युआन हा मंत्री होता. त्याचा जन्म सुमारें इ. स. पूर्व ३४० चा. तो राजकुळांतला, बहुश्रुत आणि भाषणांत निपुण असा होता. एकदां राजानें त्यास एका कायद्याचा मसुदा तयार करण्यास सांगितलें. मसुदा पुरा होण्यापूर्वींच दुसऱ्या एका अधिकाऱ्यानें तो पाहावयास मागितला, परंतु च्यू युआननें दिला नाहीं. तेव्हां त्या मत्सरी माणसानें राजाचे कान फुंकले कीं, आपल्यावांचून हें काम कोणासही साधणार नाहीं, अशी च्यू युआन बढाई मारीत असतो. राजा संतापला आणि त्यानें च्यू युआनला आपल्यापासून दूर केलें.

छिनच्या वाढत्या बळास आवर घालावयाचा तर छी राज्याशीं स्नेह राखला पाहिजे, असें च्यू युआनचें ठाम मत होतें. पुढें छिनकडून चांग यी नांवाचा एक चतुर मुत्सद्दी छूच्या दरबारीं आला. छीशीं स्नेह तोडाल तर सहाशें ली मुलूख देऊं, असें आमिष त्यानें दाखविलें. ली हें अंतराचें चिनी माप होय. राजानें लोभानें स्नेह तोडला आणि मुलूख ताब्यांत घेण्यास माणूस धाडला. तेव्हां चांग यी शांतपणें म्हणाला कीं, आपण कबूल केला होता तो मुलूख सहा ली! इतकें होऊनही राजा शहाणा झाला नाहीं. इ. स. पूर्व २९९ मध्यें छिनच्या राजानें त्यास भेटीस बोलाविलें. जाऊं नये, असें च्यू युआननें परोपरीनें विनविलें. परंतु धाकट्या मुलाच्या आग्रहास बळी पडून राजा गेला, तेथें तो अडकवून ठेवला गेला, आणि तीन वर्षांनीं परक्या भूमींतच मरण पावला.

नव्या राजाच्या कारकीर्दींत च्यू युआनला दक्षिणेकडे हद्दपार करण्यांत आलें. नद्या-सरोवरांच्या त्या प्रदेशांत भटकत असतां त्यानें काव्यें रचलीं. 'ली साव' हें त्याचें दीर्घ काव्य चिनी साहित्यांत आजही अग्रस्थानीं मानलें जातें. इ. स. पूर्व २७८ मध्यें छिनच्या सैन्यानें छूची राजधानी यिंग जिंकून घेतली. ज्या अनर्थाची सूचना त्यानें आयुष्यभर दिली तोच ओढवला. परंपरा सांगते कीं, त्या दुःखानें त्यानें आजच्या हुनान प्रांतांतील मीलो नदींत आपला देह ठेवला.

लोककथा पुढें असें सांगते कीं, ही वार्ता कळतांच कांठचे कोळी नावा घेऊन धांवले. त्यांनीं सारी नदी धुंडाळली, पण देह सांपडला नाहीं. माशांनीं त्यास धक्का लावूं नये म्हणून त्यांनीं ढोल बडविले व पाण्यांत भाताचे मुटके टाकले. नौकांची शर्यत हें त्या शोधाचें स्मरण, आणि पानांत बांधलेला भात हें त्या नैवेद्याचें स्मरण, असें लोक मानतात.

सणाच्या चालीरीति

आतां सणाच्या दिवशीं घरोघर काय करतात तें पाहूं. सकाळींच दारावर दोन वनस्पतींच्या जुड्या टांगतात. एक दवण्याच्या जातीची उग्र वासाची वनस्पति, आणि दुसरी तलवारीच्या पात्यासारख्या पानांचें वेखंड. हें वेखंड तेंच, जें आपल्याकडे लहान मुलांच्या घुटींत उगाळतात. लांब हिरव्या पात्यांमुळें चिनी लोक त्यास रोगराईवर उगारलेली तलवार समजतात.

या महिन्यास चीनमध्यें 'विषाचा महिना' असें जुनें नांव आहे. साप, विंचू, गोम, पाल व भेक हे पांच प्राणी 'पंचविष' होत. त्यांच्या आकृति कागदांतून कातरून भिंतीवर लावीत, अथवा मुलांच्या कपड्यांवर भरतकामानें काढीत. विषानेंच विष उतरावें अशी त्यामागील समजूत. मुलांच्या मनगटांस पांच रंगांचे धागे बांधतात आणि गळ्यांत सुगंधी वनस्पतींच्या लहान रेशमी पिशव्या अडकवितात. मोठीं माणसें दारूंत मनशिळेची पूड घालून ती पीत, आणि तीच पूड कालवून मुलांच्या कपाळावर 'राजा' या अर्थाचें चिनी अक्षर रेखीत. वाघाच्या कपाळावरचे पट्टे त्या अक्षरासारखे दिसतात, म्हणून वाघाचें बळ मुलास मिळावें हा हेतु. मनशीळ हें सोमल व गंधक यांचें संयुग असून तें विषारी आहे, हें आज सर्वांस ठाऊक झालें आहे. त्यामुळें तें पिण्याची चाल आतां डॉक्टर निषिद्ध मानतात. एका प्रसिद्ध चिनी कथेंत मानवी स्त्रीचें रूप घेतलेली एक श्वेत नागीण याच सणाच्या दिवशीं ही दारू पिते आणि तिचें खरें रूप उघड होतें.

सणाचें पक्वान्न म्हणजे त्सोंगत्स. चिकट जातीचा तांदूळ भिजवून बांबूच्या किंवा बोरूच्या रुंद पानांत भरतात, पानाची त्रिकोणी अथवा चौकोनी पुडी करून ती दोऱ्यानें घट्ट बांधतात, आणि तासन् तास उकडतात. पानाचा सुवास भाताच्या कणाकणांत उतरतो. उत्तरेकडे आंत गोड चिनी बोरें घालतात. दक्षिणेकडे डुकराचें मांस किंवा खारविलेल्या अंड्याचा बलक घालण्याची रीत आहे. गोड चांगलें कीं खारें, हा वाद दर वर्षीं नव्यानें रंगतो.

आणि मग नौका. लाकडी, अरुंद व लांब अशा नौकेंत दोन रांगांनीं वल्हेकरी बसतात, पुढें ढोलकी बसतो आणि मागें सुकाणूवाला उभा असतो. ढोलाचा ठोका हाच सर्वांचा हुकूम. एकाही वल्ह्यानें ताल चुकविला तर सबंध नौकेचा वेग मोडतो. शर्यतीपूर्वीं ड्रॅगनच्या मुखावर डोळे रंगविण्याचा विधि होतो; तो झाल्यावर नौकेंत प्राण आला असें समजतात. इ. स. १९७६ मध्यें हाँगकाँग येथें या शर्यतींस आंतरराष्ट्रीय रूप आलें, आणि तेव्हांपासून त्या जगांतील पुष्कळ देशांत होऊं लागल्या.

कथा आधीं कीं चाल आधीं?

वरील चालींकडे नीट पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. वेखंड, दवणा, धागे, पंचविष व मनशीळ यांचा कवीशीं कांहींच संबंध दिसत नाहीं. त्यांचा संबंध आहे तो ऋतूशीं. हा सण उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर, सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास येतो. यांगत्सेच्या खोऱ्यांत त्या सुमारास उकाडा व झडीचा पाऊस एकाच वेळीं सुरू होतात. धान्यास बुरशी लागते, पाणी गढूळ होतें, डांस माजतात, बिळांतून सर्प व विंचू बाहेर पडतात. औषधांचें ज्ञान तुटपुंजें होतें त्या काळीं हा महिना मुलांच्या जिवावर उठणारा वाटावा यांत नवल नाहीं. उग्र वासाच्या वनस्पतींनीं कीटक दूर राहतात, हा अनुभव त्यामागें होता. दवण्याच्याच गणांतील दुसऱ्या एका चिनी वनस्पतीपासून हिंवतापावरील औषध शोधून काढल्याबद्दल तू यूयू या चिनी विदुषीस इ. स. २०१५ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

या दिवसाची भीति किती जुनी आहे याचा एक दाखला सिमा छियेन या थोर इतिहासकाराच्या ग्रंथांत आहे. छी राज्यांतील त्येन वन या सरदाराचा जन्म पांचव्या महिन्याच्या पांचव्या दिवशीं झाला. अशा दिवशीं जन्मलेलें मूल दाराच्या उंचीइतकें वाढलें म्हणजे आईबापांचा घात करतें, अशी समजूत होती. म्हणून बापानें त्यास वाढवूं नये अशी आज्ञा केली. आईनें तें गुपचूप वाढविलें. मोठेपणीं बापासमोर उभें राहून मुलानें विचारलें कीं, माणसाचें दैव आकाश ठरवितें कीं दार? आकाश ठरवीत असेल तर चिंता कशाला, आणि दार ठरवीत असेल तर तें थोडें उंच करून घ्यावें म्हणजे झालें! बाप निरुत्तर झाला. हाच मुलगा पुढें राज्याचा प्रसिद्ध प्रधान झाला व इ. स. पूर्व २७९ च्या सुमारास वारला. म्हणजे च्यू युआनच्या मृत्यूपूर्वींच हा दिवस अशुभ मानला जात होता, असें या हकीकतीवरून दिसतें.

उलट, च्यू युआनचें सर्वांत जुनें चरित्र याच सिमा छियेननें कवीनंतर सुमारें दोनशें वर्षांनीं लिहिलें. त्यांत मीलो नदी आहे, दगड आहे. परंतु मृत्यूची तिथि नाहीं, नौका नाहींत, भातही नाहीं. त्यांत इतकेंच आहे कीं, कवीनंतर सुमारें शंभर वर्षांनीं च्या यी नांवाचा दुसरा एक दूर धाडलेला विद्वान शिआंग नदीवरून जात असतां त्यानें च्यू युआनवर शोककाव्य रचून तें नदीच्या पाण्यांत सोडलें. च्यू युआनचें नांव या सणाशीं जोडलेलें प्रथम आढळतें तें त्याच्या मृत्यूनंतर साडेचारशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांतील एका ग्रंथाच्या अवशेषांत. तेथेंही मनगटावरील धाग्यांचें कारण म्हणून शस्त्र, भुतें व रोग यांपासून रक्षण हेंच आधीं सांगितलें आहे आणि कवीचें नांव मागून येतें. तिसऱ्या शतकांतील चौ छू हा लेखक पानांत बांधलेल्या धान्याचें वर्णन करतो, पण त्याचें कारण देतो तें निराळेंच : शीत व उष्ण हीं दोन्ही तत्त्वें या दिवसांत एकमेकांत गुरफटलेलीं असतात, त्याचें हें चिन्ह होय.

पुढें सहाव्या शतकांतील वू च्यूनच्या नांवावर असलेल्या कथासंग्रहांत च्यू युआनची भातकथा स्पष्टपणें येते. लोक बांबूच्या नळींत तांदूळ घालून नदींत टाकीत असत. एके दिवशीं कवीच्या आत्म्यानें एका माणसास भेटून सांगितलें कीं, तुमचा नैवेद्य पाण्यांतील ड्रॅगन पळवितो. यापुढें तो बकाणनिंबाच्या पानांनीं झांकून रंगीत धाग्यानें बांधावा, कारण या दोन वस्तूंना ड्रॅगन भितो. कडू पानें व रंगीत धागे, म्हणजे रोगनिवारणाचीं जुनींच साधनें, कथेनें आपल्यांत कशीं सामावून घेतलीं तें येथें उघड दिसतें.

शिवाय नौकांची कथा सर्वत्र एकच नाहीं. सुचौच्या बाजूस त्या वू त्झशू या मंत्र्याच्या स्मरणार्थ आहेत असें सांगत. त्यानेंही राजास खरा सल्ला दिला, आणि इ. स. पूर्व ४८४ मध्यें राजानें त्यास मरण पत्करावयास लावून त्याचा देह चामड्याच्या पिशवींत घालून नदींत टाकविला. चच्यांग प्रांतांत त्साव ओ नांवाच्या मुलीची आठवण करतात. इ. स. १४३ मध्यें तिचा बाप या सणाच्या दिवशीं नदींत बुडाला. ती अवघी चौदा वर्षांची होती. सतरा दिवस कांठाकांठानें रडत तिनें त्यास शोधलें, आणि अखेर तीही त्याच नदींत गेली. त्या नदीस आज तिचेंच नांव आहे. वन यीतो या विसाव्या शतकांतील कवि-पंडिताचें तर असें मत होतें कीं, हा मुळांत ड्रॅगनला आपला पूर्वज मानणाऱ्या दक्षिणेकडील लोकांचा सण असून कवीचें नांव त्यास मागाहून मिळालें.

चीनच्या शेजाऱ्यांकडे

हेंच अनुमान शेजारच्या देशांकडे पाहिल्यानें बळकट होतें. कोरियांत याच दिवसास तानो म्हणतात. तेथें स्त्रिया वेखंड उकळलेल्या पाण्यानें केस धुतात, झोके घेतात, पुरुष कुस्त्या खेळतात. जपानांत हा सण इ. स. १८७३ पासूनच्या नव्या पंचांगाप्रमाणें ५ मे रोजीं येतो. तेथें वेखंडाचीं पानें घातलेल्या पाण्यानें स्नान करतात आणि मुलांसाठीं कापडी मासे काठीवर फडकावितात, इ. स. १९४८ पासून तो तेथें बालदिन म्हणून सुटीचा दिवस आहे. व्हिएतनाममध्यें या दिवसास किडे मारण्याचा सण असेंच म्हणतात, व त्या सकाळीं आंबविलेला चिकट भात आणि आंबट फळें खातात. तिन्ही देशांच्या या चालींत च्यू युआनला मुख्य स्थान नाहीं. कोरिया व जपान येथें मात्र वेखंड आहे, आणि व्हिएतनाममध्यें किडीविरुद्धचा तोच लढा आहे.

या सणावरून दोन देशांत एकदां कटु वादही झाला. इ. स. २००५ मध्यें कोरियांतील कांगनंग या गांवच्या तानो उत्सवास युनेस्कोनें मानवजातीचा श्रेष्ठ ठेवा म्हणून मान दिला. आपला सण दुसऱ्यांनीं आपल्या नांवावर केला, अशी चीनमध्यें पुष्कळांची भावना झाली. वस्तुतः त्या उत्सवांत मुखवट्यांचीं नाटकें व देवऋषींचे विधि आहेत. नौका वा त्सोंगत्स नाहींत. इ. स. २००८ पासून चीननें या दिवशीं सार्वजनिक सुटी दिली, आणि इ. स. २००९ मध्यें चीनच्या सणाचाही युनेस्कोच्या यादींत समावेश झाला. त्या नोंदींत चार ठिकाणें आहेत : च्यू युआनचें जन्मस्थान मानलेलें हुबेई प्रांतांतील झक्वे, मीलो नदीकांठ, वू त्झशूचें सुचौ, आणि ह्वांगश, जेथें रोगराई वाहून जावी म्हणून एक शोभिवंत नौका यांगत्सेच्या प्रवाहांत सोडतात. एकाच सणाच्या या चार निरनिराळ्या स्मृति एका यादींत शेजारीं शेजारीं बसल्या, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

मग कथेचें काम काय?

इतकें पाहिल्यावर कोणी म्हणेल कीं, कवीची कथा म्हणजे मागाहून चिकटविलेलें लेबल. तसें म्हणणें घाईचें होईल. रोगाच्या भीतीनें हा दिवस निवडला हें खरें. परंतु भीति कायमची टिकत नाहीं. आज चीनच्या शहरांत दवाखाने आहेत, पाण्याचे नळ आहेत, आणि पांचव्या महिन्यास कोणी भीत नाहीं. केवळ भीतीवर उभा असता तर हा सण मनशिळेच्या दारूबरोबरच मागें पडला असता. तो टिकला, कारण मध्यंतरीं लोकांनीं त्यांत एक माणूस आणून बसविला होता. राजाचा रोष पत्करूनही खरें बोलणारा, देशाचें अहित डोळ्यांनीं पाहावें लागलेला माणूस. सुचौच्या लोकांनींही तशाच स्वभावाचा माणूस निवडला, हा निव्वळ योगायोग नव्हे.

या स्मृतीचें बळ अलीकडच्या काळांतही दिसलें. जपानशीं युद्ध चालू असतां, इ. स. १९४२ मध्यें, चुंगकिंग या त्या वेळच्या राजधानींत क्वो मोरो यांचें 'च्यू युआन' हें नाटक रंगभूमीवर आलें. बावीसशें वर्षांपूर्वींच्या मंत्र्याच्या तोंडून प्रेक्षकांनीं आपल्याच काळाचें दुःख ऐकलें. ज्या कथेंत असें सामर्थ्य आहे तिला केवळ खोटी म्हणून बाजूस सारतां येत नाहीं. ती सणाच्या जन्माची हकीकत नाहीं. तो सण पुढें कां पाळला गेला याची ती हकीकत आहे.

विद्यार्थ्यांनीं यावरून एक पद्धत शिकण्याजोगी आहे. कोणत्याही सणाविषयीं तीन प्रश्न निरनिराळे विचारावे : लोक प्रत्यक्ष करतात काय? त्याचें कारण म्हणून सांगतात काय? आणि तें कारण प्रथम कोणी, केव्हां लिहून ठेवलें? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत बहुधा ऋतु, शेती व आरोग्य यांची जुनी गरज सांपडते. दुसऱ्याच्या उत्तरांत लोकांना काय पूज्य वाटतें तें कळतें. आणि तिसरा प्रश्न या दोहोंची गल्लत होऊं देत नाहीं. हे प्रश्न घरांतील वडील माणसांना आदरानें विचारले तर त्यांनाही सांगावयास आनंद वाटेल. आणि पुढच्या जून महिन्यांत एखाद्या चित्रांत ड्रॅगनच्या मुखाची नौका दिसली, तर ढोलाच्या तालावर वल्हीं मारणाऱ्या त्या माणसांच्या मागें घराच्या दारावर टांगलेली वेखंडाची जुडीही आठवावी.